वरिष्ठांसाठी संशोधन आणि लेखन: पहिल्या फोनपासून शेवटच्या फायलीपर्यंत

"सोमवारी साडेदहाला बैठक आहे. कांद्याच्या निर्यातीवर दोन पानं करून द्या." शुक्रवारी संध्याकाळी असा फोन येतो आणि या कामात नवा असलेला माणूस तिथेच चुकतो. तो "हो सर" म्हणतो, फोन ठेवतो आणि निर्यातीची माहिती गोळा करायला बसतो. रविवारी रात्री त्याच्याकडे चौदा पानं जमलेली असतात. सोमवारी सर ती चाळतात आणि म्हणतात, "ठीक आहे, पण मला हे नको होतं."

मी नाशिकमध्ये हे काम करते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांचे प्रमुख, निफाड-दिंडोरी पट्ट्यातल्या शेतमाल कंपन्यांचे संचालक, मुंबईत मुख्यालय असलेल्या कंपन्यांचे इथले वरिष्ठ अशा लोकांना बैठकीआधीची टिपणं लागतात, संचालक मंडळापुढे ठेवायच्या नोट लागतात, भाषणं लागतात, वर्तमानपत्रात त्यांच्या नावाने जाणारे लेख लागतात. इंग्रजी चांगलं आहे आणि टायपिंग येतं एवढ्यावर हे काम जमत नाही. जमतं ते एका गोष्टीवर: सरांच्या हातात दिलेलं प्रत्येक वाक्य समोरच्याने अडवलं, तर त्यांना ते उभ्या जागी सिद्ध करता आलं पाहिजे. पुढे जे सांगते ते सगळं याचसाठी आहे. कांद्याचं उदाहरण शेवटपर्यंत धरते, कारण त्यात या कामाच्या बहुतेक अडचणी एकत्र येतात.

पहिली पंधरा मिनिटं

फोन ठेवण्याआधी पंधरा मिनिटं मागून घ्या. सर घाईत असतील तर त्यांच्या पीएंकडून शनिवारी सकाळची वेळ घ्या, पण ही पंधरा मिनिटं सोडू नका. मी विचारते ते असं: बैठकीत समोर कोण आहे? या कागदावरून काय ठरणार आहे? तुमचं स्वतःचं मत सध्या कुठे झुकतंय? कागद बैठकीत वाटला जाणार की फक्त तुमच्या हातात राहणार? आणि कोणती गोष्ट त्यात येता कामा नये?

तिसरा प्रश्न विचारायला नवख्याला संकोच वाटतो. विचारा. वरिष्ठाचं मत आधीच बनलेलं असेल तर तुमचं काम त्या मताची परीक्षा घेण्याचं आहे, आणि ते मत माहीतच नसेल तर परीक्षा कशाची घेणार?

कांद्याच्या त्या फोनमध्ये मी हे विचारलं तेव्हा कळलं की सरांना निर्यातीची आकडेवारी नकोच होती. त्यांची कंपनी ताजा कांदा बाहेर पाठवत होती. सोमवारी भागीदारांबरोबर ठरवायचं होतं ते हे: पैसा कांदा साठवायच्या आणखी चाळी बांधण्यात घालायचा की कांदा सुकवण्याचा प्लांट टाकायचा? म्हणजे प्रश्न 'निर्यात किती झाली' हा नव्हता. 'सरकारी निर्णयांनी आमचा धंदा पुन्हा अडकला तर कोणता रस्ता उघडा राहील' हा होता. हे कळल्यावर बारा पानांची मेहनत वाचली.

प्रश्न समजला की तो एका वाक्यात लिहून सरांना व्हॉट्सॲपवर पाठवा: "सर, मी या प्रश्नाचं उत्तर शोधते आहे, बरोबर?" तिकडून "हो" आलं की मगच कामाला लागा.

गुप्तता, कामाला हात लावण्याआधी

कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर हा टप्पा आधी. निकाल, लाभांश, विलीनीकरण अशी अजून जाहीर न झालेली आणि शेअरच्या भावावर परिणाम करू शकणारी माहिती तुमच्यापर्यंत आली, की शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीच्या २०१५ च्या इनसायडर ट्रेडिंगविषयीच्या (आतल्या माहितीवर शेअर घेण्या-विकण्याविषयीच्या) नियमांत तुम्हीही आलात, मग तुम्ही पगारी नोकर असा किंवा बाहेरून काम करणारे. अशी माहिती कोणाला दिली याची नोंद कंपनीला नाव आणि पॅन क्रमांकासह ठेवावी लागते. म्हणून कंपनी सेक्रेटरीने पॅन मागितला तर बिचकू नका. उलट न मागता अशी माहिती हातात आली तर तुम्हीच त्यांना कळवा. तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर झाल्यावर ४८ तास होईपर्यंत कंपनीची ट्रेडिंग विंडो बंद असते, म्हणजे आतल्या लोकांना तिच्या शेअरचे व्यवहार करता येत नाहीत. मी स्वतःपुरता नियम आणखी कडक केला आहे: ज्या कंपनीचं काम करते तिचे शेअर मी घेत नाही, घरच्यांनाही घेऊ देत नाही.

रोजच्या सवयीही सांभाळा. पंचवटी एक्स्प्रेसमध्ये लॅपटॉप उघडून ड्राफ्ट दुरुस्त करू नका. त्या डब्यात अर्धं नाशिक मुंबईला जात असतं आणि शेजारचा प्रवासी तुमच्या ग्राहकाचा पुरवठादार निघू शकतो. कंपनीच्या आतली कुठलीही माहिती फुकटच्या एआय चॅटमध्ये टाकू नका. शब्दाला पर्याय सुचवायला, लांब वाक्य मोडायला ही साधनं कामाची आहेत, पण तथ्यासाठी त्यांच्यावर भिस्त ठेवता येत नाही. अस्तित्वात नसलेला अहवाल ती खात्रीच्या सुरात सांगतात.

माहिती कुठून आणायची

बातमीपासून सुरुवात करायला हरकत नाही, पण बातमीवर थांबायचं नाही. बातमी सांगते की काहीतरी घडलं. नेमकं काय घडलं ते मूळ आदेशात असतं. कांद्याच्या बाबतीत हे आदेश दोन वेगवेगळ्या दारांतून येतात. निर्यात शुल्काची अधिसूचना अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाची, तर किमान निर्यात मूल्य (ज्याखाली माल बाहेर पाठवता येत नाही तो भाव) आणि निर्यातबंदी विदेश व्यापार महासंचालनालयाची, म्हणजे डीजीएफटीची. एकाच संकेतस्थळावर शोधलंत तर अर्धा इतिहास हातातून सुटेल.

दोन्हीकडचे कागद समोर ठेवल्यावर क्रम असा लागला: ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरच्या अखेरीस टनामागे ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य, ८ डिसेंबर २०२३ पासून बंदी. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क लागू झालं. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेलं आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही गेलं. वीस महिन्यांच्या आत सहा मोठे बदल. सरांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या एका ओळीत होतं आणि त्यासाठी निर्यातीचा एकही आकडा लागला नव्हता.

उरलेलं अर्धं उत्तर सीमाशुल्काच्या वर्गीकरणात सापडलं. ताजा कांदा ०७०३ या शीर्षकाखाली येतो, सुकवलेला ०७१२ खाली. बंदी ताज्या कांद्यावर होती. बातम्यांत सगळीकडे नुसतं 'कांदा' लिहिलेलं असल्यामुळे भागीदारांपैकी एकाचा समज असा होता की सुकवलेल्या मालालाही तोच फटका बसला. म्हणून वस्तूच्या नावावर विसंबू नका, कोड पाहा. आकडेवारी उतरवतानाही कोड लिहून ठेवा, नाहीतर महिन्याभराने तुम्हालाच कळणार नाही की तो तक्ता कशाचा होता.

मग तर प्लांट टाकावा असंच उत्तर निघतं, नाही का? इथे कागद बाजूला ठेवून माणसांशी बोलावं लागतं. मी लासलगावच्या एका व्यापाऱ्याशी आणि सुकवणीच्या धंद्यातल्या एका जाणकाराशी बोलले. दोघांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच सांगितलं: सुकवायला जास्त घनपदार्थ असलेला पांढरा कांदा लागतो आणि आपल्याकडे लाल, रांगडा, उन्हाळ हेच मुख्य. सुकवणीचा धंदा गुजरातेत महुव्याला एकवटला आहे, त्यामागे हे मोठं कारण आहे. ही गोष्ट निर्यातीच्या कोणत्याही तक्त्यात सापडली नसती. फोनवर कळलेली माहिती मात्र नोटमध्ये 'धंद्यातल्या लोकांच्या सांगण्यानुसार' अशीच लिहायची, सिद्ध तथ्य म्हणून नाही.

इतर विषयांसाठीचे माझे नेहमीचे झरे थोडक्यात सांगते. स्पर्धक कंपनीविषयी हवं असेल तर आधी तिचा वार्षिक अहवाल आणि शेअर बाजाराला दिलेली निवेदनं. नोंदणी नसलेली कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर थोडं शुल्क भरून तिची दाखल केलेली कागदपत्रं पाहता येतात. जिल्ह्याच्या माहितीसाठी अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' पाहा. मराठीत असतं आणि फार कमी लोक उघडतात. धोरणाविषयी सरकारची नेमकी भूमिका हवी असेल तर लोकसभा-राज्यसभेतली प्रश्नोत्तरं. जुने संदर्भ लागले तर १८४० पासूनचं आपलं सार्वजनिक वाचनालय आहेच. औद्योगिक वसाहतीतले रस्ते, वीज, पाणी अशा प्रश्नांवर निमा आणि आयमा या इथल्या उद्योजकांच्या संघटनांनी दिलेली निवेदनं वाचा, पण ती एका बाजूची मांडणी आहे हे लक्षात ठेवून.

आकड्यांची वही

माझ्या मते सगळ्या कामात महत्त्वाचा टप्पा हाच, आणि सगळ्यात जास्त टाळला जाणाराही हाच.

एक साधी एक्सेल शीट करा. नोटमधलं प्रत्येक विधान एका ओळीत. पुढे रकाने: आकडा, एकक, कोणत्या काळाचा, मूळ कागद आणि त्यातला पान क्रमांक, मी तो कोणत्या तारखेला पाहिला, आणि खात्री किती: पक्की, मध्यम, कच्ची. कच्ची विधानं नोटमध्ये जात नाहीत. मध्यम जातात, पण शब्दांतून तसं कळलं पाहिजे.

हे मी एका चुकीतून शिकले. सातपूरला छोट्या पुरवठादारांच्या मेळाव्यात एका वरिष्ठांचं भाषण होतं, २०२५ च्या उन्हाळ्यात. लघुउद्योगाची उलाढालीची मर्यादा मी ५० कोटी लिहिली. जुन्या भाषणातून उचललेला आकडा होता, २०२० पासूनचा. १ एप्रिल २०२५ पासून ती मर्यादा १०० कोटी झाली होती. सभागृहात बसलेल्या प्रत्येकाच्या धंद्याशी संबंधित तो आकडा, त्यामुळे तिसऱ्या रांगेतून एक जण लगेच उठला. सरांनी तिथे शांतपणे दुरुस्ती केली, पण पुढची दहा मिनिटं सभागृह त्यांचं राहिलं नाही. चूक पूर्णपणे माझी होती. 'कोणत्या तारखेला पाहिला' हा रकाना तेव्हापासून आला.

आकडे फसवतात त्या जागा साधारण ठरलेल्या आहेत. मिलियन आणि कोटी: १ कोटी म्हणजे १० मिलियन, आणि रात्री अकरा वाजता हे रूपांतर हमखास उलटं होतं. आर्थिक वर्ष आणि कॅलेंडर वर्ष: परदेशी अहवालातलं २०२४ आणि आपलं २०२४-२५ एकाच तक्त्यात शेजारी ठेवू नका. टक्के आणि टक्केबिंदू: शुल्क ४० वरून २० झालं तर ते २० टक्केबिंदूंनी किंवा ५० टक्क्यांनी कमी झालं, '२० टक्क्यांनी कमी' असं लिहिलंत तर चुकलात. आणि गाड्यांची विक्री. सियाम या वाहन उत्पादकांच्या संघटनेचे घाऊक विक्रीचे आकडे म्हणजे कंपन्यांनी वितरकांकडे पाठवलेल्या गाड्या. सरकारच्या 'वाहन' पोर्टलवरचे आकडे म्हणजे आरटीओत नोंदल्या गेलेल्या गाड्या. सणाच्या आधी वितरक माल भरून ठेवतात तेव्हा दोन्हींत मोठं अंतर पडतं. वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्या अंबडच्या कारखान्यासाठी लिहिताना कोणता आकडा घेतला हे सांगितलं नाही, तर नोटचा काही उपयोग नाही.

दोन पानं, त्यातलं पहिलं महत्त्वाचं

वरिष्ठ माणूस नोट गाडीत वाचतो, नाहीतर लिफ्टपर्यंत चालताना. उत्तर शेवटी ठेवायला ही परीक्षेतली निबंधाची वही नाही. पहिल्या तीन ओळींत उत्तर द्या.

कांद्याच्या नोटची माझी पहिली सुरुवात अशी होती: "कांदा हे महाराष्ट्रातील महत्त्वाचे नगदी पीक असून नाशिक जिल्हा कांदा उत्पादनात अग्रेसर आहे." हे समोरच्या सगळ्यांना जन्मापासून माहीत आहे. ती खोडून अशी केली: "ताज्या कांद्याच्या निर्यातीचे नियम ऑगस्ट २०२३ ते एप्रिल २०२५ या काळात सहा वेळा बदलले, बंदी ताज्या कांद्यावर होती, सुकवलेल्या नाही. तरीही सुकवणीचा प्लांट लगेच टाकू नये, कारण पांढऱ्या कांद्याचा पुरवठा आपल्या पट्ट्यात निश्चित नाही. एक हंगाम शेतकऱ्यांबरोबर करारावर पांढरा कांदा घेऊन पाहावा आणि मग ठरवावं." घाईत एवढंच वाचलं तरी सरांना बैठकीत बोलता येतं.

त्याखाली कारणं, मग दुसऱ्या पर्यायाची सगळ्यात भक्कम बाजू. ती प्रामाणिकपणे लिहा. चाळी बांधाव्यात असं म्हणणारा भागीदार बैठकीत आपला मुद्दा जोरात मांडणारच आहे. तो सरांनी आधी तुमच्या कागदावर वाचलेला असला पाहिजे. मग 'हे अजून माहीत नाही' असा छोटा परिच्छेद. काही जणांना हा परिच्छेद कमकुवतपणाचा वाटतो आणि ते तो काढून टाकायला सांगतात. मी विनंती करून ठेवते.

वेगळ्या पानावर पाच अवघड प्रश्न आणि त्यांची दोन-दोन ओळींची उत्तरं. हे पान वाटायचं नाही, फक्त सरांसाठी. प्रश्न खरंच अवघड हवेत. "पांढरा कांदा शेतकऱ्याने लावलाच नाही तर?" हा प्रश्न मीच आधी विचारला नाही, तर तो बैठकीत दुसरा कोणीतरी विचारेल.

भाषण म्हणजे बोललेली भाषा

नोट डोळ्यांसाठी असते, भाषण कानासाठी. ज्यांचं भाषण लिहायचं त्यांचं दहा मिनिटांचं साधं बोलणं परवानगी घेऊन रेकॉर्ड करा आणि दोनदा ऐका. ते 'आपण' म्हणतात की 'आम्ही'? वाक्य कुठे तोडतात? मराठीत सुरू करून कुठल्या शब्दाला इंग्रजीत जातात? एका प्लांट हेडना मी 'गुणवत्ता' लिहून दिलं होतं. ते आयुष्यभर 'क्वालिटी' म्हणत आलेले. वाचताना दर वेळी त्या शब्दावर अडखळले. दुसऱ्या खेपेला 'क्वालिटी'च लिहिलं.

सावकाश, थांबत बोललं तर मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात, असं मी धरते. दहा मिनिटांच्या भाषणाला हजार शब्द पुरे. आकडे अक्षरांत लिहा आणि एका भाषणात तीनच ठेवा. अक्षर मोठं ठेवा, वाक्य पान उलटताना तुटू देऊ नका, पानांना पिन मारू नका.

प्रसंग ओळखा. खंडेनवमीला शॉप फ्लोअरवर यंत्रांची पूजा झाल्यावर कामगारांसमोर बोलायचं असेल, तर बाजारपेठेतल्या वाट्याचे तक्ते तिथे शोभत नाहीत. त्या दिवशी कोणत्या लाइनने वर्षभरात काय केलं, कोण निवृत्त होतंय, कोणती जुनी मशीन अजून चालते, हे बोलावं. ही माहिती एचआरच्या फायलीत मिळत नाही. आदल्या आठवड्यात सुपरवायझरबरोबर अर्धा तास फ्लोअरवर फिरा.

मंजुरी आणि वेळापत्रक

ड्राफ्ट चार जणांकडे एकदम पाठवला की चार वेगळ्या फायली परत येतात. सगळ्यांच्या दुरुस्त्या गोळा करणारा एकच माणूस ठरवा. फायलीच्या नावात तारीख आणि क्रमांक घाला. 'फायनल' हा शब्द वापरू नका. आकडे फायनान्सने तपासायचे, जाहीर करण्याचे मुद्दे कंपनी सेक्रेटरीने, भाषा तुम्ही. फायनान्सवाल्यांनी वाक्य सुंदर केलं आणि आकडा तसाच सोडला, असं होऊ देऊ नका.

संचालक मंडळाच्या कामात तारखा उलट्या मोजाव्या लागतात. बैठकीची सूचना, अजेंडा आणि त्यासोबतच्या नोट साधारणपणे किमान ७ दिवस आधी पोचाव्या लागतात. बैठकीनंतर इतिवृत्ताचा मसुदा १५ दिवसांत फिरवायचा, संचालकांना अभिप्रायाला ७ दिवस, आणि ३० दिवसांत ते नोंदवहीत गेलं पाहिजे. म्हणजे महिन्याच्या २० तारखेला बैठक असेल तर तुमची नोट दहा तारखेच्या आत कंपनी सेक्रेटरीच्या टेबलावर हवी.

वार्षिक अहवालातलं अध्यक्षांचं निवेदन लिहीत असाल तर एक तपासणी नक्की करा. बाजारमूल्याने वरच्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर हा व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल द्यावा लागतो. निवेदनात पाणीबचतीविषयी एक सांगितलं आणि मागच्या पानांवर बीआरएसआरमध्ये पाण्याचा वापर वाढलेला दिसला, तर विश्लेषक ते जोडून वाचतातच. दोन्ही मजकूर शेजारी ठेवून ओळ न् ओळ जुळवा.

नाव, पैसे, नकार

लेख सरांच्या नावाने जाणार हे या व्यवसायात गृहीत आहे, पण विचार त्यांचा हवा. ज्यांनी विषयावर मला वीस मिनिटंही दिली नाहीत त्यांच्या नावाचा लेख मी लिहीत नाही. हक्क कोणाचा, दुरुस्तीच्या किती फेऱ्या, गुप्तता किती काळ, हे एका पानावर लिहून घ्या. पैसे शब्दांवर घेऊ नका. तीन ओळींमागे तीन दिवसांचं काम असतं. दस्तऐवजामागे किंवा महिन्याचे ठरवा. व्यावसायिक सेवेच्या बिलातून १० टक्के टीडीएस कापला जाऊ शकतो, तो धरून हिशेब करा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी करावी लागते.

खोटा आकडा घालायला सांगितलं तर नाही म्हणा, लगेच आणि लेखी. बहुतेक वेळा सांगणाऱ्याला तो खोटा आहे हेच माहीत नसतं. वही उघडून मूळ कागद दाखवला की विषय तिथेच मिटतो.

बैठकीनंतर

त्याच संध्याकाळी पीएंना किंवा सरांना पाच मिनिटांचा फोन करा. कोणते प्रश्न आले? कोणतं पान उघडलंच गेलं नाही? कुठे अडकायला झालं? उत्तरं वहीत लिहा. कांद्याच्या त्या बैठकीत माझ्या पाच प्रश्नांपैकी तीन आले. आणि एक असा आला जो माझ्याकडे नव्हता: कांदा सुकवायला लागणाऱ्या इंधनाचा खर्च. मंगळवारी सकाळी मी तो विषय घेऊन बसले आणि बुधवारी एक पान पाठवलं. त्या फायलीला आता चार पुरवण्या आहेत आणि डीजीएफटीची नवी अधिसूचना आली की मी तिच्यात एक ओळ वाढवते, कोणी मागितलेलं नसलं तरी.